किल्ली आपल्याच खिशात

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मूळ पत्र लांब आहे आणि त्यात ओळख पटेल अशा बऱ्याच गोष्टी आहेत, म्हणून इथे फक्त मथितार्थ देते.

वय 23. एका व्यावसायिक परीक्षेची तयारी घरून चालू आहे आणि जवळपास सगळा अभ्यास संगणकावर आहे: लेक्चर यूट्यूबवर, नोट्स पीडीएफमध्ये, सराव चाचण्या ऑनलाइन. वेळापत्रक रोज दहा तासांचं, प्रत्यक्षात चार तासही होत नाहीत. बाकीचा वेळ व्हिडिओ, बातम्या आणि इन्स्टाग्राम खातात. आतापर्यंत तीनदा साइट ब्लॉक करून झाल्या. पहिल्यांदा ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम टाकलं. दुसऱ्याच दिवशी एक लेक्चर बघायचं होतं म्हणून ते बंद केलं, ते बंदच राहिलं. मग मित्राने सांगितल्यावरून संगणकातल्या होस्ट्स फाइलमध्ये (ती काय असते ते पुढे सांगते) साइटची नावं घातली. आठवड्याने अभ्यासगटातली एक लिंक उघडेना म्हणून त्यातली एक ओळ खोडली, मग सगळ्याच खोडल्या. तिसऱ्यांदा, वेळ संपेपर्यंत उघडतच नाही असा प्रोग्रॅम लावला. त्या दिवशी संभाव्यतेच्या एका उदाहरणाचं उत्तर समजेना, खुलासा एका व्हिडिओत होता, म्हणून कपाटातला जुना लॅपटॉप काढला. ‘त्याची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, म्हणून चार्जर लावून, भिंतीला टेकून, जमिनीवर बसून मी दोनपासून सहापर्यंत रील्स बघितल्या,’ असं तिने लिहिलं आहे. प्रश्न दोन आहेत. अजिबात तोडता येणार नाही असा ब्लॉकर कोणता? आणि पासवर्ड धाकट्या भावाकडे देऊन टाकावा का? शेवटी एक वाक्य: ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही, हे आता मला पटलंय.’

तुमचं शेवटचं वाक्य मला काही पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते तुमच्याच पत्रात आहे.

तिन्ही वेळा कुलूप कशासाठी उघडलं ते पुन्हा वाचा. लेक्चर. अभ्यासगटातली लिंक. न समजलेल्या उत्तराचा खुलासा. ‘चला, आता रील्स बघू’ म्हणून तुम्ही एकदाही ब्लॉकर काढलेला नाही. काढला तो अभ्यासाला वाट हवी होती म्हणून. पाहुणे येतात त्याच दारातून चोर येतो, म्हणून कोणी दारच बुजवलं, तर पहिला पाहुणा आला की भिंत फोडावी लागते. आणि पाहुणा आत आल्यावर फोडलेली भिंत लगेच बांधायला कोण बसतं? तुमच्या तिन्ही ब्लॉकरचं हेच झालं. त्यात अभ्यासासाठी वेगळं दार ठेवलेलं नव्हतं.

जमिनीवर बसून घालवलेले चार तास मी यात झाकत नाही. भिंत फुटल्यावर चोरही आत आलाच. पण ही गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येते. आधी तुमचा पहिला प्रश्न.

अजिबात न तुटणारा ब्लॉकर नाही. निदान ज्या संगणकाची मालकीण तुम्ही स्वतः आहात, त्यावर तरी नाही. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात तसा हा प्रकार आहे, फक्त इथे चोर आणि खजिनदार एकाच खुर्चीत बसलेले असतात. सकाळी नऊची तुम्ही कुलूप लावता, दुपारी दोनची तुम्ही ते काढता. काढायला किती वेळ लागतो, किती कटकट होते, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे. सगळ्या ब्लॉकरमधला फरक तोच.

एक्स्टेन्शन सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात तकलादू. ते फक्त त्या एका ब्राउझरपुरतं असतं. दुसरा ब्राउझर उघडला की संपलं. क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडोत एक्स्टेन्शन आपोआप चालतही नाहीत, सेटिंगमध्ये जाऊन तशी परवानगी द्यावी लागते. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. (आणि ज्यांना माहीत असतं, ते ती परवानगी द्यायला सोयीस्कर विसरतात.) तरीही मी एक्स्टेन्शनला नावं ठेवणार नाही, कारण बारीकसारीक नियम तिथेच करता येतात. लीचब्लॉक नावाचं मोफत एक्स्टेन्शन आहे. त्यात ‘दर तासाला दहा मिनिटं’ असं ठरवता येतं, ठरावीक वारी ठरावीक वेळात साइट बंद ठेवता येते, एखादी साइट बंद करून तिच्यातली काही पानं तेवढी उघडी ठेवता येतात. मला त्यातली सर्वात आवडती सोय म्हणजे साइट बंद न करता नुसती उशिरा उघडण्याची. पत्ता टाकला की समोर एक कोरं पान येतं आणि तुम्ही ठरवले असतील तेवढे सेकंद मोजले जातात. मग साइट उघडते. बंदी नाही, फक्त ताटकळणं. तीस सेकंद ही किती मोठी गोष्ट असते, हे त्या पानासमोर बसल्याशिवाय कळत नाही. मी दहापैकी निम्म्या वेळा तरी मध्येच टॅब बंद करते, कारण आपण इथे का आलो होतो हे आठवत नाही.

होस्ट्स फाइलची गंमत वेगळी. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर संगणक थोडे होते, आणि कोणत्या नावाचा संगणक कोणत्या क्रमांकावर आहे याची एकच यादी सगळीकडे वाटली जायची. संगणक वाढले, यादी सांभाळणं अशक्य झालं, तेव्हा 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून क्रमांक शोधून देणारी डीएनएस ही पद्धत आखली. तरी ती जुनी वही प्रत्येक संगणकात अजून शिल्लक आहे, आणि बाहेर चौकशी करण्याआधी संगणक साधारणपणे त्या वहीत डोकावतो. आपण तिथे साइटच्या नावापुढे 0.0.0.0 असा कुठेच न जाणारा पत्ता लिहितो. संगणक तिकडे जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. विंडोजमध्ये ही फाइल सिस्टम 32 मधल्या ड्रायव्हर्सच्या आत ईटीसी या फोल्डरात असते आणि ती बदलायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेलं नाव आणि न लावलेलं नाव अशा दोन ओळी लिहाव्या लागतात. एक विसरलात तर दार अर्धं उघडंच राहतं.

फायदा असा की हे सगळ्या ब्राउझरना लागू होतं. तोटा तुम्ही अनुभवलात तोच: या वहीला फक्त साइटचं नाव कळतं, पान कळत नाही. यूट्यूबवरचं तुमचं लेक्चर आणि यूट्यूबवरची मांजरं तिच्या लेखी एकच. तिला वेळही कळत नाही, सकाळ-संध्याकाळ सारखीच. अभ्यासाचं साहित्यच ज्या साइटवर आहे, तिथे हे औषध लागू पडणारं नाही. बातम्यांच्या साइटसाठी मात्र उत्तम. परीक्षेपर्यंत एखादी साइट मुळीच नको असेल तर होस्ट्स फाइल वापरा, अर्धवट हवी असेल तर वापरू नका.

तिसरी जात म्हणजे तुम्ही शेवटी लावलात तसे प्रोग्रॅम. मॅकवरचं सेल्फकंट्रोल एकदा सुरू केलं की संगणक बंद करून चालू करा, प्रोग्रॅमच काढून टाका, वेळ संपेपर्यंत बंदी उठत नाही. कोल्ड टर्की या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कुलूप काढण्यासाठी अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ जशीच्या तशी टाइप करायची अट घालता येते. ही अट मला वेळेच्या कुलपापेक्षा शहाणपणाची वाटते. खरंच अडलं असेल तर माणूस दोन मिनिटं बसून ती अक्षरं टाइप करतो. नुसती हुक्की आली असेल तर दहाव्या अक्षराला कंटाळतो. वेळेचं कुलूप असा फरक करत नाही, म्हणून मग कपाटातून जुने लॅपटॉप निघतात.

राउटरवर साइट बंद करण्याबद्दलही लोक विचारतात. एकटे राहत असाल तर करा. घरात चार माणसं असतील तर तुमच्या परीक्षेची शिक्षा चौघांना होईल, आणि फोनचा मोबाइल डेटा राउटरला विचारतही नाही.

आता त्या चार तासांकडे येऊ.

काही वर्षांपूर्वी मला एक मोठं लेखन ठरलेल्या तारखेला द्यायचं होतं. मी बातम्यांच्या, गप्पांच्या, व्हिडिओच्या मिळून चाळीसेक साइट बंद केल्या. फार समाधान वाटलं. त्या समाधानात पहिली सकाळ गेली, कारण यादी करायलाच तीन तास लागले होते. कुंपणानेच शेत खाल्लं. दुपारी लिहायला बसले, एका परिच्छेदावर अडले आणि शुद्धीवर आले तेव्हा मी ज्या प्रोग्रॅममध्ये लिहीत होते त्याचीच मदतपुस्तिका वाचत होते. तळटिपांचे क्रमांक रोमन आकड्यांत कसे करायचे. माझ्या लेखनात एकही तळटीप नव्हती. मदतपुस्तिका कोण ब्लॉक करणार? त्या दिवशी लक्षात आलं की मला त्या चाळीस साइटची ओढ नव्हतीच. मला त्या परिच्छेदापासून लांब जायचं होतं, आणि लांब जायला कोणतीही वाट चालली असती.

काम टाळण्यावर संशोधन करणाऱ्या फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी 2013 मध्ये हेच नेमकेपणाने मांडलं. त्यांच्या मते टाळाटाळीचा संबंध वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याशी जास्त आहे. समोरचं काम पाहून जी घालमेल होते, ती आत्ता, या क्षणी थांबावी म्हणून माणूस दुसरीकडे वळतो. घालमेल थांबतेही. म्हणून तर सवय लागते.

तुमच्या पत्रात हे स्पष्ट दिसतं. तिसऱ्यांदा जे झालं ते संभाव्यतेच्या उदाहरणावर अडल्यावर झालं. सोप्या धड्याच्या वेळी जुना लॅपटॉप निघाला नाही. तो खुलासा मिळाला का हो शेवटी? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. मला वाटतं तो व्हिडिओ तुम्ही अर्धवट बघितला, तरी समजलं नाही, आणि खालच्या शिफारशीतल्या पहिल्या चित्रावर बोट गेलं. माझा अंदाज चुकला असेल तर माफ करा.

म्हणून नवा ब्लॉकर शोधण्याआधी एक आठवडा काहीच ब्लॉक करू नका. कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक कागद ठेवा. अभ्यासातून हात दुसरीकडे गेला की तिथे वेळ आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते तीन-चार शब्दांत लिहा. ‘11.20, उदा. 7, दुसरी पायरी.’ ‘12.05, धडा संपला, पुढचा कोणता?’ ‘3.30, झोप.’ साइटला गेलात तरी चालेल, फक्त लिहून जा. स्वतःला रागवायचं नाही, हिशेब ठेवायचा.

आणि हात जातो कसा, तेही एकदा बघा. मी बघितलंय. डाव्या हाताची दोन बोटं नवीन टॅब उघडतात, उजवा हात साइटच्या नावाचं पहिलं अक्षर टाकतो, उरलेलं नाव ब्राउझर स्वतः भरतो, अंगठा नाही तर करंगळी एंटर दाबते. सगळं एका सेकंदात, आणि या सेकंदात डोकं अजून उदाहरण सातमध्येच असतं. त्या पहिल्या अक्षरावर ब्राउझर जी सूचना देतो, ती बाणाच्या कळीने निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं की नाहीशी होते. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीत चालतं. तो पत्ता बुकमार्कमध्ये असेल तर तिथूनही काढा, आणि त्या साइटमधून लॉगआउट व्हा. हा काही ब्लॉकर नव्हे. पण बोटांना सवयीने जायची वाट राहत नाही, पूर्ण नाव आणि पासवर्ड टाइप करेपर्यंत डोकं बोटांना गाठतं.

आठवड्यानंतर कागदावर बहुधा दोन-तीनच कारणं पुन्हा पुन्हा दिसतील, आणि त्यांची औषधं वेगवेगळी आहेत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं व्हायला नको. जिथे ‘अडले’ असं दिसतं, तिथे अडल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागेल: दहा मिनिटं झटून बघायचं, मग कागदावर प्रश्न लिहायचा, पुढचं उदाहरण घ्यायचं, आणि सगळ्या अडलेल्या प्रश्नांचे खुलासे संध्याकाळी एकदम बघायचे. या एका नियमानेच तुमची तिसरी भिंत वाचली असती. जिथे ‘पुढचा कोणता?’ दिसतं, तिथे दोष साइटचा नाही, वेळापत्रकाचा आहे. ‘10 ते 12 संख्याशास्त्र’ असं लिहिलेलं वेळापत्रक डोक्याला काहीच सांगत नाही. ‘उदाहरणं 5 ते 12, वहीत’ असं लिहिलं की बसल्या बसल्या सुरुवात होते. आणि झोप दिसत असेल तर झोपा. झोपेवर ब्लॉकर नाही.

मग आठव्या दिवशी कुलपं लावा, पण या वेळी दार सोडून.

अभ्यासासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा. शक्य असेल तर संगणकावर वेगळं यूजर अकाउंटच करा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार नसलेलं साधं. त्यात तुमचं कोणतंही सोशल खातं उघडलेलं नको, नोटिफिकेशन नकोत, बुकमार्क फक्त अभ्यासाचे. दिवसा त्याच खात्यात बसायचं. मला विचाराल तर हे कोणत्याही ब्लॉकरपेक्षा जास्त उपयोगी आहे. वेगळ्या खोलीत बसल्यासारखं होतं.

यूट्यूब पूर्ण बंद करू नका, तुमचं चालणारच नाही. त्याचं पहिलं पान आणि बाजूच्या शिफारशी घालवा. अनहूक नावाचं एक्स्टेन्शन शिफारशी, कॉमेंट्स, शॉर्ट्स सगळं लपवतं आणि फक्त व्हिडिओ ठेवतं. एक्स्टेन्शन नको असेल तर अभ्यासासाठी नवं खातं काढून त्यात बघण्याची नोंद, म्हणजे वॉच हिस्ट्री, पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. 2023 पासून अशा खात्याचं पहिलं पान यूट्यूब जवळजवळ रिकामं दाखवतं. वर शोधायची पट्टी, खाली पांढरं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते पान बिघडलंय असं वाटलं होतं. ऑटोप्ले बंद करा. आणि दुसऱ्या दिवशीच्या लेक्चरच्या लिंक आदल्या रात्रीच एका फाइलमध्ये ओळीने चिकटवून ठेवा, म्हणजे यूट्यूबवर काही शोधायची वेळच येणार नाही. शोधायला गेलेला माणूस हातात काहीतरी घेऊनच बाहेर येतो.

इन्स्टाग्राम आणि बातम्यांना मात्र सरळ कुलूप. वेळेनुसार लावा, लहरीनुसार नको: सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बंद, सात ते नऊ उघडं, रोज, आपोआप. ‘आता लावू का, आता काढू का’ हा निर्णय दिवसातून दहा वेळा घ्यावा लागला तर एकदा तरी तो चुकणारच. आणि ‘पाच मिनिटं बघते’ हा करार स्वतःशी करू नका, कारण त्या पानांना शेवट नाही. खाली सरकत राहिलं की नवं येतच राहतं, ही न संपणाऱ्या पानाची कल्पना आझा रास्किन या तरुणाने 2006 मध्ये रचली, आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पुस्तकाचं प्रकरण संपतं तेव्हा आपण मान वर करतो. इथे मान वर करायची जागाच ठेवलेली नाही.

तुमच्या दहा तासांविषयीही थोडं बोलू द्या. संगणकासमोर लक्ष कसं विचलित होतं यावर संशोधन करणाऱ्या ग्लोरिया मार्क यांनी दोन सहकारी संशोधिकांबरोबर 2018 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. तीसेक नोकरदार माणसांच्या संगणकांवर आठवडाभर लक्ष विचलित करणाऱ्या साइट बंद ठेवल्या. लोकांना आपलं लक्ष जास्त लागतंय, काम जास्त होतंय असं जाणवलं. पण ज्यांचा स्वतःवर आधीपासूनच चांगला ताबा होता, त्यांच्यावर कामाचा ताण वाढला. पूर्वी ते मध्ये थोडं इकडेतिकडे बघून परत येत. ती फट बुजली आणि ते न थांबता काम करत राहिले. एवढ्याशा प्रयोगावर मी मोठा निष्कर्ष काढणार नाही. पण त्यातून एक सूचना घेण्यासारखी आहे: भटकणं बंद केलंत तर विश्रांती मुद्दाम ठेवावी लागेल. आतापर्यंत तुमचं भटकणं हीच तुमची विश्रांती होती, भले वाईट प्रतीची का असेना. रोज चार तास होत असतील तर उद्यापासून दहा लिहू नका, पाच लिहा. प्रत्येक पाऊण तासाला खुर्चीवरून उठा, आणि विश्रांतीत पडदा नको, संगणकाचा नको आणि फोनचाही नको.

फोनबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षर काढलेलं नाही. तुमच्याकडे फोन नाही असं मी समजत नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवा, उलटा करून शेजारी नको.

हे वाचणाऱ्या आणखी दोघांसाठी दोन शब्द. कामाच्या ठिकाणच्या संगणकावर अभ्यास करत असाल तर होस्ट्स फाइल आणि मोठे प्रोग्रॅम विसरा, तिथे अधिकार तुमचे नसतात. वेगळा ब्राउझर आणि ताटकळत ठेवणारं एक्स्टेन्शन पुरेल, तेही घालायची मुभा असेल तर. आणि ज्या आईबाबांनी ‘मुलाच्या नकळत साइट बंद कशा करायच्या’ असं विचारलं आहे, त्यांना इथलं काहीच उपयोगी पडणार नाही. वरचं प्रत्येक कुलूप स्वतःहून लावून घेतलेलं आहे. नकळत लावलेल्या कुलपाने मूल अभ्यास शिकत नाही, कुलूप उघडायला शिकतं, आणि त्या विद्येत ते तुम्हाला वर्षभरात मागे टाकेल.

आता धाकटा भाऊ. पासवर्ड त्याच्याकडे द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी देऊ नका म्हणेन. पहिले तीन दिवस मजा वाटेल. चौथ्या दिवशी तुम्हाला खरंच एखादी साइट हवी असेल, तो म्हणेल ‘कशाला?’, तुम्ही सांगाल, तो म्हणेल ‘खरं सांग ताई’. इथून पुढे ते भाऊ-बहीण राहत नाहीत, जेलर आणि कैदी होतात. त्यात तो धाकटा. त्याला हा अधिकार आवडायला लागेल, किंवा तुमच्या रागाची भीती वाटून तो पहिल्याच विनंतीला पासवर्ड सांगून टाकेल. दोन्ही वाईट. कोणाला मध्ये घ्यायचंच असेल तर नियम असा ठेवा की पासवर्ड मागितला की त्याने एकही प्रश्न न विचारता द्यायचा, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे त्याला न्यायनिवाडा करावा लागत नाही, आणि तुम्हाला रात्रभराचा वेळ मिळतो. बहुतेक वेळा सकाळी तुम्ही मागणारच नाही.

तरी भावाला या सगळ्यात काहीतरी काम द्यायचंच असेल, तर पासवर्डऐवजी त्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर त्याच्या कपाटात ठेवायला सांगा. बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.